साऱ्या चिपाइले एकच ड्रायव्हर

उंद्री नावाच्या खेड्यात एक आजी राहे, ते मी. एक सून संगीता, अन् एक नात प्रज्ञा. प्रज्ञाचं ऑफिस पुण्याचं, पण काम घरूनच. मंग किस्से साचतात चुलीतल्या राखेवानी. काढले नाही तं नवा जाळ लागत नाही!

काम काय, तं मोठ्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर बारक्या चिपा असतात. वीज किती आली, बोर्ड किती तापला, ते त्या सांगतात. अन् दर चिपेचं बोलणं कॉम्प्युटरले समजावाले वेगळा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम! प्रज्ञा म्हणे, "मी साऱ्याइले एकच लिहीन." ऑफिसनं बजावलं, "कर्नलात घेतला तरच तुमची जागा राहील." कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. तिथं काय घ्याचं ते परदेशातले एक साहेब ठरवत.

*

ड्रायव्हर पह्यले चिपेले विचारे, तुले काय काय मोजता येते? एक चिप साऱ्यालेच हो म्हणे. पंखा? हो! बोर्डाले पंखाच नव्हता, तरी त्याचा वेग सांगितला!

संगीता म्हणे, "इलेक्शनले उभी राहून राह्यली काय वं ही?"

*

दुसरी उलटी. येत नाही ते विचारलं की मुकी! वायर काढून लावली तरच बोले.

"मंग काऊन विचारतं वं तिले?" मी म्हटलं.

"विचारल्याबिगर कसं कळीन, आजी?"

*

एका दुपारी प्रज्ञा ओरडली, "आजी, दूर सर! बोर्ड सातशे डिग्री!" वायर उपटली. बोट लावलं तं थंडगार! त्या चिपेची आकडे सांगाची रीतच वेगळी होती.

संगीताच्या जिवात जीव आला तं म्हणे, "मी भाकर टाकाले निंघाली होती!"

*

साहेबानं पह्यल्या खेपेस ड्रायव्हर वापस केला. म्हणे, साऱ्या चिपा एका मापाच्या नसतात. प्रज्ञानं साऱ्याइचं काम एकीकडं ठेवलं, अन् अडेल चिपाइपुरत्या छोट्या फाइली वेगळ्या केल्या. ऑफिसचा फोन आला, "ही शेवटची खेप."

पुन्हा धाडला तं साहेबानं एकच विचारलं, "खराब विजेवर तपासलं काय?"

प्रज्ञानं लिहून धाडलं, "साहेब, मी उंद्रीत राहते. चांगल्या विजेवर तपासाचं राह्यलं!"

संगीतानं कपाळावर हात मारला. "नोकरीचा सवाल, अन् तू मस्करी करून राह्यली?"

मंग कुकरची शिटी झाली तरी आम्ही तिघी लॅपटॉपकडं पाहो.

मेल आला. प्रज्ञा वाचता वाचता ओरडली,

"घेतला, आजी! घेतला!"

खाली साहेबाची एकच ओळ होती, "चांगली वीज आली की कळवा."