ऐकण्याचा फोटो

"मॅडम, इले मागून आवाज देला तं पायतच नाई," तन्वीची आई पालकसभेत म्हणाली.

आमच्या संचालिका मॅडमनी टॅब तिच्यापुढे सरकवला. सगळं हिरवंगार. "हे बघा. 'लक्षपूर्वक ऐकते', ग्रीन. आणि हा पुरावा." फोटोत साडेतीन वर्षांची तन्वी टीचरच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. आईने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मी अकोल्यातल्या या प्लेस्कूलची को-ऑर्डिनेटर. आठवड्यात काय शिकवायचं याचा प्लॅन करणं आणि कोणतं मूल कुठवर आलं याची नोंद ठेवणं, हे माझं काम. नोंद माइलस्टोनवर होते. माइलस्टोन म्हणजे त्या वयात साधारण जमावी अशी गोष्ट: एका पायावर उभं राहणं, रंग ओळखणं, खेळणं दुसऱ्याला देणं. पूर्वी यासाठी आम्ही मुलांकडे बघत असू. मग हेड ऑफिसचं ॲप आलं आणि प्रत्येक माइलस्टोनला फोटो लागू लागला.

मग प्लॅनही फोटोचाच होऊ लागला. मुलंसुद्धा तरबेज झाली. एक पठ्ठ्या मित्रापुढे ट्रक धरायचा आणि क्लिक वाजला की ओढून घ्यायचा. त्याला 'वाटून खेळतो' ग्रीन. न रडलेल्या मित्राला 'संयम बाळगतो' ग्रीन.

इथवर मी हसून सोडून देत होते. पण ऐकण्याचाही फोटो निघतो हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी तन्वी खाली मान घालून ठोकळे रचत होती. मी तिच्या मागे जाऊन स्टीलचा डबा चमच्याने वाजवला. सगळा वर्ग वळला. एकाने तर डब्यात काय आहे ते विचारलं. तन्वी ठोकळेच रचत राहिली. मी समोर गेले तेव्हा गोड हसली. पोरगी टीचरचे ओठ बघून वेळ निभावून नेत होती.

मी थेट केबिनमध्ये गेले. "मॅडम, तन्वीचं ग्रीन काढून रेड करू. कान तपासायला हवेत."

"ॲपमध्ये ग्रीनचं रेड होत नाही."

"का?"

"हेड ऑफिस म्हणतं, मूल मागे जात नसतं."

"ती मागे गेलीच नाही. आपणच तिला पुढे ढकललं."

"अहो, ॲडमिशनचे दिवस आहेत. पालकांना काय सांगणार?"

"मुलीला ऐकू येत नाही, हे."

"मग तुमच्या जबाबदारीवर सांगा."

सांगितलं. गेटवरच. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हनतच होती ना! तिचे बाबा म्हने, नाटकं करून राहिली. अन् तुमी तं फोटो दाखवला." मला मान वर करवेना. "डॉक्टरले तुमचा तो हिरवा रिपोर्ट दाखवू काय?"

"रिपोर्ट घरीच ठेवा. पोरीला न्या."

कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. सतत सर्दी होणाऱ्या लहान मुलांत असं होतं. आणखी उशीर झाला असता तर बोलणंही मागे पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. छोटंसं ऑपरेशन झालं आणि तन्वी शाळेत परतली. मी एवढंच शिकले की शांत बसलेलं मूल ऐकतंय असं धरून चालू नये.

काही दिवसांनी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. "या तन्वीचं काय करायचं? गोष्टीच्या वेळी बसत नाही. दर वाक्याला 'काहून?' विचारते. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला की खिडकीत पळते. नव्या टर्मसाठी 'लक्षपूर्वक ऐकते'चा एक धड फोटो मिळत नाहीये. आधी किती छान ऐकायची!"

"मॅडम, आधी तिला ऐकू येत नव्हतं."

त्यांनी टॅबवर बोट फिरवलं.

"मग तेव्हाचाच फोटो पुन्हा टाकला तर चालेल का?"