बांधाचा अर्ज आणि जुना ब्राउझर
इंद्रायणी तांदूळ शिजायला लागला की मला जांबे गावातल्या माझ्या घरमालकांची खोली आठवते. त्याच तांदळाच्या पोत्यांशेजारी त्यांचा जुनाट कॉम्प्युटर होता आणि त्यातल्या जुन्या ब्राउझरमध्ये आमच्याच कंपनीचं मराठी टायपिंगचं प्लगइन. एका सकाळी, त्यांचा भावाविरुद्धचा शेताच्या बांधाचा अर्ज अर्धवट असतानाच, अक्षरं उमटेनात. "काल चालत व्हतं. तुमी हात लावला व्हता का?" माझ्यावर डोळे रोखत त्यांनी विचारलं. आदल्याच दिवशी मीटिंगमध्ये "जुने ब्राउझर आता वापरतंय कोण? सपोर्ट बंद करा," असं मीच ठासून सांगितलं होतं आणि रात्रीच तो बंद झाला होता. तरी मी म्हणालो, "व्हायरस असेल." "मग भावानंच सोडला असंल," ते म्हणाले आणि मी मान डोलावली. तो भात आजही माझ्या घशाखाली सरळ उतरत नाही.