मस्कतला सांगायचं एक वाक्य

मुरलीधर गावडे इतका भिडस्त होता की न्हाव्याने एका बाजूचे केस वाकडे कापले, तर तो दुसऱ्या बाजूचेही तसेच कापून घ्यायचा आणि वर "छान झालं" म्हणून यायचा. शारजाच्या औद्योगिक भागात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. राहायला अजमानला, एका खोलीत चौघांबरोबर. खोलीतला सगळ्यात जुना माणूस तोच, त्यामुळे खिडकीजवळच्या खाटेवर हक्क त्याचा. पण जो नवा येई तो विचारी, "गावडेसाहेब, मी खिडकीकडे झोपलो तर चालेल ना?" गावडेसाहेबांना सगळं चालायचं. मग ते एसीच्या थेट खाली, कानटोपी घालून, भर जुलैत कुडकुडत झोपायचे.

या माणसाला जगात एकच व्यक्ती "मुरल्या" म्हणायची. ती म्हणजे मस्कतची कावेरीताई.

आई गेली तेव्हा मुरलीधर शाळेतही जात नव्हता. ताईने त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न झाल्यावरही माहेरी येऊन त्याच्या परीक्षांना डबे करून दिले. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती मस्कतला एका डॉक्टर जोडप्याकडे मुलं सांभाळायला गेली. त्याच डॉक्टरांच्या ओळखीने मुरलीधरला शारजाचा व्हिसा मिळाला. मस्कत म्हणजे काय, सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं इतकं जवळ! तरीही भावाबहिणीची अकरा वर्षांत गाठ पडली नव्हती. ताईला सुट्टी मिळायची ती मे महिन्यात, डॉक्टरांच्या मुलांबरोबर. मुरलीधरला मिळायची ती दर दोन वर्षांनी, डिसेंबरात. चंदगडच्या घरातून एक जण निघायचा आणि सहा महिन्यांनी दुसरा तिथं पोचायचा. मधल्या काळात दर्शना, म्हणजे मुरलीधरची बायको, सासरच्या घरात एकटी राहून दोघांच्याही वाट्याची बोलणी शेजाऱ्यांकडून खायची.

दोन हजार एक सालच्या जानेवारीत ताईचा फोन आला. डॉक्टर कायमचे कॅनडाला निघाले होते. त्यांच्या थोरल्या, लग्न झालेल्या मुलीला तिकडे जुळं झालं होतं, आणि ती जुळी सांभाळायला कावेरीताईलाही न्यायचं ठरलं होतं. कागदपत्रं तयार होती.

"मुरल्या, आता तिथं गेले की मी काही परत येत नाही बघ," ताई म्हणाली. "साठीला आले मी. मला खरं तर बर्फ बघायची काही हौस नाही. तू बोलावलंस तर घरी येते. डॉक्टरांना विचारून ठेवलंय, ते म्हणाले, अगदी निघायच्या दिवशीसुद्धा नाही म्हणालात तरी आम्ही समजून घेऊ."

"मग ये ना ताई! दर्शनासुद्धा म्हणते..."

"थांब. फोनवर नको. फोनवर तू कुणालाही हो म्हणतोस, मला काय माहीत नाही? उद्या माझं ओझं झालं तरी तू तोंडातून शब्द काढणार नाहीस. समोर ये. माझ्या डोळ्यांत बघून म्हण, ताई, घरी चल. तेवढं म्हणालास की मी पिशवी उचलली."

आता हे काम किती सोपं! तीन शब्दांचं वाक्य. पण मुरलीधरचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर सुट्टीवर. मॅनेजर आला तेव्हा म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "इन्शाल्ला, शुक्रवारपूर्वी." शेवटी पासपोर्ट हातात पडला तो ताई निघणार त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी. विमान संध्याकाळचं होतं, पण डॉक्टरमंडळी तीन वाजता घराला कुलूप लावून सीबच्या विमानतळाकडे निघणार होती. गाडी चालवायची तर मुरलीधरकडे लायसन नव्हतं. टेस्ट घेणाऱ्या पोलिसाने प्रत्येक वेळी त्याला नापास केलं होतं, कारण समोरून कोणीही आलं की हा त्याला आधी जाऊ द्यायचा.

देव मात्र दयाळू. त्याच शुक्रवारी शारजातल्याच अल मजाज भागातल्या अनुपमावहिनींनी मराठी मंडळींची मस्कतची एक दिवसाची सहल काढली होती आणि मिनीबसमध्ये एक जागा शिल्लक होती.

अनुपमावहिनींसारखी बाई दुबई-शारजात शोधून सापडणार नाही. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी, कुणाची बदली, कुणाचं बारसं, सगळ्यांत त्या पुढे. अडल्यानडल्याला धावणारी बाई. फक्त धावताना आपण कुणाच्या अंगावरून गेलो का, ते बघायला त्यांना वेळ नसायचा.

"या या मुरलीधरभाऊ! मस्कतमध्ये काही खास?"

"एक ओळखीच्या आहेत. जमलं तर भेटेन म्हणतो," मुरलीधर म्हणाला. स्वतःच्या सख्ख्या बहिणीसाठी अठरा माणसांच्या सहलीत घाई मागायची, हे त्याच्या जिभेला झेपणारं नव्हतं.

पहाटे निघालेली बस हत्ताला पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे न्याहारीसाठी उतरायचं ठरलं. खाण्याचं एकानेच आणायचं असं वहिनींनी बजावलं होतं, म्हणून प्रत्येक घराने तो एक आपणच असं समजून तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. आता पुऱ्या प्रत्येकाच्या डब्यातल्या खायच्या, नाहीतर कुणाला वाईट वाटेल! मुरलीधरने सगळ्या डब्यांतल्या खाल्ल्या. मग सीमेवर रांग. तिथून निघाल्यावर वहिनींनी ओळखपरेड काढली. नाव, गाव, कंपनी, आवड. मग हाऊझी. पोरं इंग्रजीत भांडली, एकीला उलटी झाली, तिच्यासाठी बस थांबली. थांबलीच आहे तर चहा झाला. चहा झालाच आहे तर ग्रुप फोटो झाला, आणि एक काका डोळे मिटलेले आले असतील अशी शंका आल्यामुळे पुन्हा झाला.

सीमेपलीकडच्या सोहार गावाला ड्रायव्हर हारुन शुक्रवारच्या नमाजाला उतरला. हा पेशावरचा दणकट, अबोल गडी. परत आला तेव्हा बाकी मंडळी किल्ला बघायला पांगली होती आणि मुरलीधर एकटा ड्रायव्हरमागच्या सीटवर घड्याळाकडे बघत बसला होता.

"मुरलीभाई, क्या बात है? सुबह से घडी देख रहे हो."

परक्या माणसाजवळ बोलायला कसली भीड? मुरलीधरने सगळं सांगितलं. हारुनने ऐकून घेतलं आणि हॉर्नवर जो तळवा ठेवला तो शेवटची वहिनी धापा टाकत बसमध्ये चढेपर्यंत उचललाच नाही.

"इनकी बहन है मस्कत में," त्याने मागे वळून सगळ्या बसला सुनावलं. "आज हमेशा के लिए जा रही है. तीन बजे. अब गाडी कहीं नहीं रुकेगी."

मग बसमध्ये जो गलका उठला!

"अहो मुरलीधरभाऊ! सख्खी बहीण?"

"आणि हा माणूस माझ्या पुऱ्यांना नावाजत बसला होता!"

"आधी नाही का बोलायचं हो? आम्ही काय परके आहोत?"

वहिनींच्या डोळ्यांत तर खरंच पाणी आलं. वाटेतल्या बार्का गावचा थांबा रद्द झाला. कुणी खिडकीतून पुढच्या गाड्यांना हात करून बाजूला व्हायला सांगू लागलं, कुणी मुरलीधरला पाणी पाजलं. अठरा माणसं एका माणसासाठी श्वास रोखून बसली होती. एवढं प्रेम त्याला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं. मस्कतच्या रुवी भागातल्या डॉक्टरांच्या घरासमोर बस थांबली तेव्हा हातात अर्धा तास होता. अर्धा तास! वाक्य तीन शब्दांचं.

मुरलीधर उतरला. त्याच्या मागे वहिनी उतरल्या.

"आम्हीही भेटतो की ताईंना! इतक्या लांब येऊन नुसतं बसमध्ये बसायचं? बरं दिसतं का?"

अठरा माणसं उतरली.

ताई दारातच उभी होती. केस पांढरे झालेले, प्रवासाचा स्वेटर एवढ्या उन्हात अंगात घातलेला. "मुरल्या," ती म्हणाली आणि पुढे काही म्हणणार तोच तिला त्याच्यामागची रांग दिसली. तिने पदर सारखा केला.

"या ना, या! बसा!"

बसायला खुर्ची नव्हती. सामान बांधलेलं, गालिचे गुंडाळलेले. मंडळी सुटकेसवर बसली, खोक्यांवर बसली. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"चंदगडच्या का तुम्ही? अहो, माझ्या आत्याचे दीर चंदगडला हेडमास्तर होते!"

"कोण? जोशी मास्तर का?"

"तेच! म्हणजे तुम्ही आमच्या घरच्याच झालात की!"

आता घरच्या माणसांना चहाशिवाय कसं पाठवायचं? ताई उठलीच. मंडळी "नको, नको" म्हणाली, पण ते नको कसलं असतं हे ताईला ठाऊक होतं. स्वयंपाकघर आवरून झालं होतं. तिने बांधलेलं खोकं फोडलं, कागदात गुंडाळलेले कप एकेक करून सोडवले, शेजारून दूध मागवलं. मुरलीधर मागोमाग आत गेला आणि तिच्याबरोबर कागद सोडवू लागला.

पातेल्यात पाणी चढलं. स्वयंपाकघरात आता दोघंच होती. ताईने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि त्याच्याकडे वळून सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"बोल."

आईविना वाढलेलं पोर झालं मुरलीधरचं पुन्हा. त्याने तोंड उघडलं. "ताई..."

"अहो ताई, तुम्ही कशाला करताय!" अनुपमावहिनी पदर खोचून आत आल्या. "प्रवासाला निघालेली बाई चहा करतेय आणि आम्ही ढिम्म बसलोय! सरा बघू. डॉक्टरीणबाई आत्ताच सांगत होत्या, कॅनडाला निघालात म्हणे! केवढं नशीब काढलंत हो! आमचे हे चार वर्षं अर्ज करतायत. मुरलीधरभाऊ, तुम्हाला किती आनंद झाला असेल, नाही?"

मागे दारात आणखी तिघीचौघी आल्या होत्या. सगळ्या कौतुकाने हसत मुरलीधरकडे बघत होत्या. आता या चांगल्या बाईला, जिने त्याच्यासाठी बार्का सोडलं, चारचौघींत तोंडावर नाही म्हणायचं?

"हो," मुरलीधर म्हणाला. "खूप आनंद झाला."

ताई अजून त्याच्याकडेच बघत होती. तिने थोडी वाट पाहिली. मग गॅस मोठा केला.

"साखर किती घालायची?" तिने वहिनींना विचारलं.

चहा उत्कृष्ट झाला, असं सगळे म्हणाले. कप विसळायला वहिनी पुढे झाल्या. ताईने ते पुन्हा कागदात गुंडाळले नाहीत, तसेच ओट्यावर ठेवले. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितलं. दारात एक फोटो झाला, त्यात भाऊबहीण मधोमध आणि दोन्ही बाजूंना नऊ नऊ माणसं. मुरलीधरने वाकून नमस्कार केला तेव्हा ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "दर्शनाला जप. एकटीच असते ती."

"ताई, मला..."

"कळतंय रे," ती म्हणाली. पण तिला काय कळलं होतं, ते तिने सांगितलं नाही.

गाडीत मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मधे ती बसली. गाडी हलली. अठरा माणसांनी मनापासून हात हलवले. "हॅपी जर्नी ताई! पोचल्यावर कळवा!" सगळे हलवत होते म्हणून मुरलीधरनेही हलवला.

मग मत्रा सूकचा जुना बाजार झाला, समुद्रकाठचा कॉर्निश झाला, हलव्याची खरेदी झाली. परतीच्या रस्त्यावर बसमधली मंडळी दमून पेंगायला लागली. वहिनी दोन सीट मागे कुणाला तरी सांगत होत्या, "आज मस्कत जेमतेम बघून झालं, पण गावड्यांची बहिणीशी गाठ घालून दिली ना! हे पुण्य कुठल्या किल्ल्यात मिळतं का?" आणि त्या खरं तेच सांगत होत्या.

हारुनने आरशातून मुरलीधरकडे बघितलं.

"कह दिया?"

"नहीं."

"क्यों?"

"सब लोग बैठे थे ना," मुरलीधर म्हणाला.

हारुनने पुन्हा आरशात बघितलं. एका काकांचं डोकं दुसऱ्या काकांच्या खांद्यावर पडलं होतं आणि ते काका त्यांची झोप मोडू नये म्हणून ताठ बसले होते.

"अच्छे लोग हैं," हारुन म्हणाला.

"हां," मुरलीधर म्हणाला. "बहुत अच्छे."

मागून कुणीतरी हलव्याची कागदी प्लेट पुढे केली. त्याला काही खायचं नव्हतं. पण नको म्हणवेना. त्याने प्लेट घेतली, एक तुकडा तोंडात घातला आणि मागे वळून म्हणाला, "छान आहे."