भिवाकाकांची डकोटा

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर प्रत्येकाकडे स्वतःचं एक मोठेपण होतं. कुणी पैलवानाला लोळवलेलं, कुणी मोर्चात पोलिसांची लाठी हिसकावलेली. भिवाकाकांकडे विमान होतं. मी सांगोल्याच्या शाळेतून शिकून आलेला, सांताक्रूझला एका मालवाहू विमान कंपनीत नुकता चिकटलेला कारकून. त्यामुळे ते विमान ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

"लढाईत मी डकोटातनं तांदळाची पोती टाकायचो. ब्रह्मदेशात."

"हातानं?"

"पायानं!"

गिरणीतून दमून आलेला हा माणूस तिथंच फरशीवर उताणा झाला आणि दोन्ही पाय जोरानं झाडले. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलेला तांब्या गडगडत दारापर्यंत गेला.

"लढाई कधीच संपली," कौसल्याकाकी पाणी पुसत म्हणाल्या, "ह्यांची पोती अजून पडतायत."

काम असं होतं म्हणे. विमानाचं दार काढून टाकलेलं. डोंगरांच्या बेचक्यात विमान खाली उतरायचं, पायलट घंटा वाजवायचा. घंटा झाली की पाठीवर पडून पायांनी पोती ढकलायची. खाली जपान्यांच्या वेढ्यात अडकलेली आपली पलटण उपाशी, आणि वर झाडांच्या शेंड्यांना पंख लागतील इतकं खाली विमान. पोती जंगलात गडप!

"कुणाला मिळाली, कुणाला नाही, काय कळायचं नाय रे," काका म्हणाले. "घेणारा एक माणूस दिसला नाय कधी. मला एकदाच त्या विमानातनं टाकलेलं कुणाच्या हातात पडताना बघायचंय. बस."

आमच्या कंपनीकडे एक म्हातारी डकोटा होती. एका रविवारी काकांना दाखवायला नेलं. आत शिरले, दाराशेजारचं पत्र्याचं ठिगळ चाचपलं आणि ओरडले, "हीच ती!" ठिगळ सगळ्याच डकोटांना असतं, हे मी सांगितलं नाही. माणूस सासुरवाडीला आल्यासारखा खूश होता.

त्या डकोटाची नोकरी तशी काकांहून धकाधकीची. अमेरिकेत जन्म, आसामातून ब्रह्मदेशाच्या फेऱ्या, लढाईनंतर गवतात पडून राहणं, मग लिलाव. फाळणीत निर्वासितांनी तिच्यात दाटीवाटीनं प्रवास केला. आमच्याकडे आल्यावर कापडाचे तागे, हापूसच्या पेट्या, एकदा तर शर्यतीचा घोडा. आता इंजिनं थकली होती. मे महिन्यात ती भंगारात जाणार, हे पक्कं झालेलं.

आणि तेवढ्यात महाराष्ट्र राज्य जाहीर झालं! मुंबईसकट! दादरच्या एका उत्सव समितीनं शिवाजी पार्कवर विमानातून फुलं उधळायचं ठरवलं आणि समितीचे शामराव आमच्या कंपनीत आले. मी ताबडतोब म्हटलं, "टाकायला अनुभवी माणूस आहे माझ्याकडे."

चाळ सकाळपासून शिवाजी पार्ककडे निघाली. कौसल्याकाकी मात्र हलल्या नाहीत. "तुम्ही वरनं पडलात तर मला बघायचं नाही," म्हणाल्या.

झेंडू आणि शेवंती गोणपाटात भरून, गोण्यांची तोंडं सैल बांधून दाराशी रचली. पायलट कॅप्टन मिस्त्रींनी तीनदा बजावलं, "पहली घंटी, तैयार रहो. दूसरी घंटी, फेको. समझा?" काकांनी तीनदा मान डोलावली. शामराव पट्टा बांधून, डोळे मिटून बसले. आम्ही उडालो.

काय सांगू! उघड्या दारातून वारा असा घुसला की माझी टोपी अरबी समुद्राला अर्पण झाली. खाली लाटा, मग किनारा, मग वरळीची कौलं. काकांचा चेहरा लाल, मिश्या उडतायत, तोंडानं काहीतरी ओरडतायत आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. विमान दादरच्या बाजूला वळलं.

घंटा वाजली. पहिली.

काका धाडकन पाठीवर पडले. मी "थांबा!" म्हणेपर्यंत पाय झाडलेसुद्धा. एक गोणी, दुसरी, तिसरी! कॅप्टनपुढे मान डोलावणारे भिवाकाका खाली मुंबईत राहिले होते; वर ब्रह्मदेशातला जवान होता. आणि गंमत अशी, की पाठीवर पडलेल्या त्या जवानाला छपराशिवाय काही दिसतच नव्हतं.

"काका, उठा! बघा!" मी त्यांना दंडाला धरून दाराशी ओढलं.

गोण्या हवेतच फुटल्या होत्या. पिवळा ढग गिरक्या घेत बीडीडीच्या दोन इमारतींमधल्या चौकात उतरत होता. कॅप्टन शिव्या देत परत वळले आणि विमान इतकं कललं की आख्खा चौक दारात आला. घरी राहिलेल्या बाया, म्हातारे, पाळीवरून आलेले कामगार, सगळे धावत होते. पदर पसरलेले, टोप्या उलट्या धरलेल्या. एकीनं दोन्ही हात वर करून फूल झेललं. स्पष्ट दिसलं.

"घेतलं!" काका किंचाळले. "घेतलं रे तिनं! बघितलंस? तो म्हातारा बघ, घेतलं त्यानं!" माझा दंड त्यांनी असा आवळला की आठवडाभर काळानिळा होता.

शिवाजी पार्कवर आम्ही गेलो ते रिकामेच. कॅप्टननी पंख डोलावले, खाली लोकांनी तरीही आरोळी ठोकली. त्या आरोळीनं शामरावांनी डोळे उघडले. दाराशी पाहिलं. एकही गोणी नाही.

"अहो, फुलं कुठं गेली?"

काका घरच्या दाराशी पाय सोडून बसल्यासारखे ऐसपैस बसले होते. त्यांनी मागं वरळीकडे हात केला.

"पोचली," म्हणाले.