तणमोरीभोवतीचं गवत

भाद्रपदात बहिणीकडे, वाशीमजवळच्या खेड्यात गेले होते. तिची शेजारीण शांताबाई सकाळी म्हशीसाठी गवत कापायला माळावर निघाली, तशी मीही सोबत गेले. कापता कापता तिने एकदम हात आडवा करून मला थांबवलं.

"पुढं पाय नका टाकू जी. तिथं तणमोरीन बसली हाये."

आधी काहीच दिसेना. मग वाळल्या गवताच्या रंगाची ती मादी दिसली, जमिनीवरच्या अंड्यांवर अगदी निश्चल. हे पाखरू आता क्वचितच दिसतं. विळा चार पावलांवर आला होता, तरी ती उठली नव्हती.

शांताबाईने खोलीएवढी जागा सोडली आणि ती पलीकडे कापू लागली.

"चारा कमी पडेल ना?" मी विचारलं.

"म्हैस धुऱ्यावरचं, बांधावरचं खाईल. हिले आता कुठं जाता येते?"

फोटोसाठी काढलेला मोबाइल मी पिशवीत ठेवला. जपायचं म्हणजे काहीतरी करायला हवं, असं मला नेहमी वाटायचं. इथे फक्त थोडं गवत उभं राहू द्यायचं होतं.

महिन्याभराने बहिणीच्या फोनवर शांताबाई बोलली.

"गेली जी ती, पिल्लं घेऊन. आज कापलं तिथलं गवत. पार जून झालं, म्हशीनं तोंडच नाही लावलं!"

आणि ती खळखळून हसली.