फ्रिजमधला खंडोबाचा किडा

उदयराव वसमतकरांच्या घरी तुम्ही फोटो बघायला गेलात, तर फोटो सगळ्यात शेवटी बघायला मिळतो. आधी पाइप दाखवतात. मग पाइपच्या आत चिकटवलेला काळा कागद, मग पाइपच्या टोकाला उलटी बसवलेली जुनी लेन्स. प्रत्येक वस्तू तुमच्या हातात देताना एकच प्रश्न: "सांगा, केवढ्याला पडली असेल?" तुम्ही काहीही सांगा, उत्तर चुकतंच. बरोबर उत्तर 'फुकट' हे असतं.

हे गृहस्थ माझ्या धाकट्या बहिणीचे, निर्मलाचे, यजमान. मी कॉमर्सचा माणूस. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, आता निवृत्ती जवळ आली. कुणी 'फुकट' म्हणालं की खर्च कुणाच्या नावावर टाकला आहे, एवढंच मी बघतो. उदयरावांच्या बाबतीत त्यासाठी कधी लांब जावं लागलं नाही.

वसमतकरांचं घराणं हैदराबादेत जुनं. आजोबा महसूल खात्यात, वडील शाळेत गणिताचे मास्तर. उदयराव एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. कंपनीने सगळा साठा संगणकावर घेतला आणि यांना तो शिकायला सांगितलं, तेव्हा यांनी "इथे अनुभवाला किंमत नाही" असं सांगून राजीनामा दिला. तेव्हापासून मलकपेठेतलं ते घर निर्मलाच्या हातांवर चालतं. ती दसरा-पाडव्याला श्रीखंड, दिवाळीला फराळ आणि एरवी पुरणपोळ्या करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक गच्चीबावलीकडचं, पुण्या-मुंबईहून आलेली तरुण जोडपी. त्यांना घरच्या चवीची आठवण येते, पण डाळ भिजत घालायची आठवण राहत नाही.

घर चालवायची काळजी मिटल्यावर उदयरावांना छंद लागला. तोही किड्यांचे फोटो काढायचा. कॅमेरा त्यांच्या मुलीने, शर्वरीने, पहिल्या बोनसमधून घेऊन दिला. हा खर्च ते कधी धरत नाहीत. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उलटी करून नव्या कॅमेऱ्याला जोडली, की मुंगी मांजराएवढी दिसते. हे खरं आहे, मी स्वतः पाहिलं आहे. पण ही युक्ती जगभरातले हौशी लोक करतात. उदयराव मात्र ती अशी सांगतात, की जणू मलकपेठेच्या गॅलरीत बसून त्यांनीच शोधली.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळी लागते. तयार नळी मिळते, पण ती विकत घ्यावी लागते. म्हणून एकदा ते मला अफझलगंजला पाइपच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार गल्ल्यावर चहा पीत बसला होता.

"कित्ते इंच का होना साब? नल का या मोरी का?"

"कॅमेरे का," उदयराव म्हणाले.

त्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "क्यों, कॅमेरे में पानी आरा क्या?"

"नई भाई, कीडों के फोटो लेना है."

"तो पाइप कायकू? चावल का डब्बा खोलो ना साब, बहोत मिलते."

मला हसू आवरलं नाही. उदयराव मुळीच हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला कापून उरलेला तुकडा फुकट मागितला आणि मिळेपर्यंत ते हलले नाहीत. शेवटी त्याने तो दिला, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "बघितलंत दादा? बोलता आलं पाहिजे."

पाइपपर्यंत ठीक होतं. पुढचं सगळं सामान निर्मलाच्या स्वयंपाकघरातून आलं. फ्लॅशचा उजेड अंगावर सरळ पडला तर किड्याची पाठ चकाकते, म्हणून मध्ये पांढरं कापड लागतं. ते कुठलं? चक्का टांगायचं मलमलचं. कॅमेरा केसाएवढा पुढे-मागे सरकवायला फिरकी लागते. त्यासाठी आमच्या आईचा पितळी सोऱ्या कामाला आला. दांडा फिरवला की दट्ट्या हळूहळू पुढे येतो, त्या दट्ट्यावर यांनी कॅमेरा बसवला. निर्मलाला ते कळलं ऐन दिवाळीत, भाजणी मळून झाल्यावर.

"अहो, याला भोकं पाडलीत?"

"दोनच. तीसुद्धा खालच्या बाजूला. दिसणारही नाहीत."

"चकली खालूनच पडते!"

यावर उदयराव क्षणभर विचारात पडले. आयुष्यभर त्यांनी चकली ताटातच पाहिली होती. मग म्हणाले, "अगं, पण एवढ्या स्वस्तात अशी फिरकी जगात कुणाकडे नाही."

फ्रिजची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

इतक्या जवळून फोटो घेताना किड्याचा डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट येतात. म्हणून एकाच किड्याचे, कॅमेरा किंचित सरकवत, बरेच फोटो घेतात आणि संगणकावर ते एकात एक बसवतात. तेवढा वेळ किडा हलता कामा नये. ज्यांना खरी आवड आहे ते पहाटे तळ्याकाठी जातात. थंडीने किडे गारठलेले असतात, आणि माणूस गवतात गुडघे टेकून त्यांची वाट बघतो. उदयरावांचा दिवस उन्हं गॅलरीत आल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी कीटकच गारठवायचा ठरवला. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात तो घालायचा, डबा फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि पुरेसा मलूल झाला की पानावर बसवून फोटो काढायचा. वरून दवाचे थेंब म्हणून पाण्याचा फवारा.

तो फ्रिज निर्मलाने धंद्यासाठी घेतला होता. तिने विरोध केला, माझ्यासमोर केला.

"अहो, त्यात लोकांचं खायचं असतं."

"डबा बंद आहे."

"भोकं आहेत त्याला."

"मग काय गुदमरून मरू देऊ? जीव आहे तो!"

मी मध्ये पडलो. उद्यापासून बंद करतो, असं त्यांनी मला सांगितलं. निर्मलाने विश्वास ठेवला. या माणसावर विश्वास ठेवायची सवय तिला लग्नापासूनच आहे.

यंदा दसऱ्याच्या आधी ती माझ्याकडे नारायणगुड्याला आली. खुशीत होती. गच्चीबावलीच्या एका मोठ्या सोसायटीतली सायली ही तिची जुनी गिऱ्हाईक. त्या सोसायटीतली सगळी मराठी मंडळी दसऱ्याला एकत्र जेवणार होती, आणि श्रीखंड निर्मलाचं ठरलं होतं.

"दादा, एवढी मोठी ऑर्डर आजवर कधी नव्हती. हे नीट पार पडलं तर दिवाळीचा सगळा फराळ माझ्याकडूनच घेणार आहेत. मग मदतीला दोन बायका ठेवीन म्हणते. गुडघे आता साथ देत नाहीत रे."

"चांगलं झालं."

"आणि ह्यांनाही बोलावलंय. जेवणाआधी फोटो दाखवायला. मीच सायलीला सुचवलं. बरं वाटेल त्यांना."

दसऱ्याला मीही गेलो. सोसायटीचा वातानुकूलित हॉल, नव्या साड्या, नवे कुर्ते, आणि पडद्यासमोर उदयराव, हातात पाइप. निर्मला मागच्या टेबलाशी श्रीखंडाचे डबे मांडत उभी होती.

पडद्यावर खंडोबाचा किडा आला. पानाच्या टोकावर पुढचे पाय जोडून बसलेला, अंगभर थेंब, डोळा हिरव्या काचेच्या गोटीसारखा. फोटो चांगला होता. टाळ्या वाजल्या. अनिकेत नावाचा एक तरुण मांडीवर भलीमोठी लेन्स घेऊन बसला होता. या मंडळींना महाग वस्तू घरी ठेवून येववत नाही. तो म्हणाला, "काका, मी एवढं महागाचं सामान घेतलं, पण असा एकही मिळाला नाही. तुम्ही किती पहाटे गेला असाल!"

इथे नुसतं हसून गप्प बसायचं होतं. आणखी काही नको होतं. लोक जेवले असते, श्रीखंडाला वा म्हणाले असते, निर्मलाला तिच्या दोन बायका मिळाल्या असत्या. पण उदयरावांना फोटोची स्तुती पुरत नाही. तो किती स्वस्तात पडला हे कुणी विचारलं नाही, तर त्यांचा जीव कासावीस होतो.

"पहाट कशाला?" ते म्हणाले.

"मग हे दव?"

"दव कसलं! झाडांना पाणी मारायची बाटली."

हशा झाला. त्या हशाने ते फुलले.

"पण मग हा हलला कसा नाही, काका?"

"तीच तर गंमत आहे. तुम्ही लाखो रुपये घालता, आम्ही काय केलं ते बघा. खर्च शून्य!"

पुढचा फोटो आला: निर्मलाचा उघडा फ्रिज. मधल्या फळीवर भोकं पाडलेला डबा, आत खंडोबाचा किडा. त्याला खेटून श्रीखंडाचे डबे, झाकणांवर निर्मलाच्या अक्षरातली नावं. तेच डबे आत्ता मागच्या टेबलावर होते. खालच्या फळीवर चक्क्याचं पातेलं. उदयराव पाइपने एकेक गोष्ट दाखवत होते. "आणि हे फ्लॅशसमोरचं कापड. ओळखा! चक्क्याचं. घरचंच."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सायली उठून मागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे आजचेच डबे आहेत ना?"

निर्मलाने पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ती फुटेल. ती म्हणाली, "डबा बंद असतो तो."

लोकांनी पुऱ्या खाल्ल्या, बटाट्याची भाजी खाल्ली. श्रीखंडाच्या वाट्या होत्या तशाच राहिल्या. एका आईने मुलाच्या हातातली वाटी हसत हसत काढून घेतली आणि त्याला केळं दिलं. कुणी वाईट शब्द बोललं नाही. शिकलेली माणसं होती ती. निर्मला हातात डाव घेऊन शेवटपर्यंत टेबलाशी उभी राहिली, कुणी मागितलं तर वाढायला हवं म्हणून. उदयरावांनी मागून मागून खाल्लं. "किराक झालंय गं, एकदम झकास!" असं मोठ्याने म्हणाले.

परतताना टॅक्सीत उरलेले डबे निर्मलाच्या पायाशी होते. उदयराव पुढे बसून बोलत होते.

"या आयटीवाल्यांना कलेची कदर नाही, दादा. खेकडे खातात, झिंगे खातात, आणि डब्यातल्या एका किड्याला नाकं मुरडतात."

"उदयराव, तुम्ही बंद करतो म्हणाला होतात."

"हा शेवटचाच होता, तोही ही झोपल्यावर ठेवलेला. एवढा सुरेख नग परत मिळाला नसता."

निर्मलाने पायाशी कलंडणारा डबा सरळ केला.

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. यंदा आम्ही गावी जातोय, यंदा सासूबाई करणार आहेत, यंदा गोड कमी करायचं ठरलंय. सोसायटीचा फराळ गेलाच, पण त्यांच्याकडून ऐकून इतरांचाही गेला. दिवाळी तोंडावर होती. मी निर्मलाला म्हटलं, माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे, तिथे चूल मांड. तिने एकदाही नको म्हटलं नाही. तेवढ्यावरून मला कळलं की ती कुठवर आली आहे.

फ्रिज न्यायला टेम्पो आला तेव्हा उदयराव जिन्यात आडवे आले.

"आणि माझं काय? पाऊस आत्ताच सरलाय. हेच दिवस असतात किड्यांचे."

"बर्फ आणा," मी म्हटलं.

"बर्फाला पैसे पडतात, दादा."

"हो. पडतात."

ते बाजूला झाले, पण हमालांना फ्रिज कसा धरावा याच्या सूचना खालपर्यंत देत होते. हात मात्र लावला नाही.

आता निर्मला त्यांचा स्वयंपाक करून ठेवते आणि रोज मेट्रो बदलून नारायणगुड्याला येते. दिवाळीच्या आधी सायली एकटी तिथे आली. भली मुलगी आहे, पण तीही सरळ फ्रिजकडे गेली. प्रत्येक फळी बघितली, खालचा कप्पा ओढून बघितला, एका पातेल्याचं झाकण उचललं. माझी बहीण भिंतीशी उभी होती, पदराने हात पुसत, नोकरी मागायला आल्यासारखी. बघून झाल्यावर सायलीने विचारलं, "आणि काका?"

"ते इथे येत नाहीत. जेवायलासुद्धा नाही."

सायलीने मान हलवली. "काकू, मी माझ्यापुरतं लाडू-करंज्यांचं सांगते. बाकीच्यांना मी म्हणेन, पण ऐकतील असं नाही. आणि श्रीखंड सध्या नको."

"चालेल," निर्मला म्हणाली. "तू आलीस हेच खूप."

सायली जिना उतरत असतानाच निर्मलाचा फोन वाजला. उदयरावांचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीवर ऐकू येत होता.

"आली होती ना ती? काय म्हणाली? फोटोंबद्दल काही बोलली का?"

"नाही," निर्मला म्हणाली. फोन ठेवून तिने परातीत एका घराच्या करंज्यांपुरता रवा काढला.