आमच्या बिल्डिंगमधलं कुम्मक्कु

मंडळी, आज आमच्या हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या बिल्डिंगमध्ये चक्क कट शिजला!

आंध्र प्रदेशचे दोन तुकडे होऊन हैदराबाद तेलंगणात जाणार म्हणून शेजारच्या लक्ष्मीअक्का, मूळच्या आंध्रातल्या गुंटूरच्या, घाबरून फ्लॅट विकायला निघाल्यात. दुपारी गिऱ्हाईक आलं. राज्याच्या वाटणीवरून अक्कांशी रोज भांडणारे तेलंगणवाले यादगिरी अंकल त्याला जिन्यातच म्हणाले, "उन्हाळ्यात पाण्याची बहुत परेशानी." धादांत खोटं! आईनेही मान डोलावली. गिऱ्हाईक पसार.

"तुमचं सगळ्यांचं कुम्मक्कु आहे!" अक्का ओरडल्या. तेलुगूत कुम्मक्कु म्हणजे साटंलोटं.

आई म्हणाली, "अहो, आमच्या मराठीत ह्याला कुमक म्हणतात. मदत! तुम्ही इथेच राहावं म्हणून!" आणि खरंच, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे.

संध्याकाळी पाहिलं, तर अक्कांच्या दारावरची विक्रीची पाटी उलटी फिरवलेली होती.

तुमच्या शेजारी अशी पाटी लागली, तर तुम्ही काय कराल?